टॅरोचे चार गट, चिनी वैद्यकाची पाच तत्त्वं: तक्ता जुळेना

प्रश्न (लातूर): टॅरोच्या (भविष्य बघायच्या पत्त्यांच्या) छड्या, प्याले, तलवारी, नाणी या चार गटांना चिनी पंचतत्त्वांशी जोडतेय. चाराला पाच कसे बसवू?

परभणी: ताई, ओढूनताणून नका बसवू. चिनी तत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी; वायू तिकडं नाहीच. प्याले पाणी, नाणी माती, हे सरळ. तलवार टॅरोत वायू, पण पातं धातूचं अन् चिनी वैद्यकात धातूचं इंद्रिय फुप्फुस, म्हणजे श्वासाचं, म्हणून चालतं. घोळ छडीचा: तत्त्व अग्नी, पण १९०९च्या रायडर-वेट या टॅरो पत्त्यांच्या संचात ती पालवी फुटलेलं लाकूड. लाकडातून अग्नी उपजतो, म्हणून दोन्ही घरांत लिहा.

नांदेड: त्याच संचातलं चौदावं पान बघाच, 'संयम' नावाचं. देवदूताचा एक पाय पाण्यात, एक जमिनीवर. यिन-यांग (एकमेकांना पूरक दोन विरुद्ध बाजू) समजवायला फार उपयोगी.

बीड: पान बघून यकृताचा आजार मात्र सांगू नका. चिनी वैद्य जीभ बघतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी बघतो.