मदत हवी आहे : भाडेकरूंच्या फ्लॅटमध्ये गांजाचा संशय

धनकवडीत आईच्या नावावर वन बीएचके आहे. बाबा गेल्यापासून त्याच्या भाड्यावरच तिचं घर चालतं. जूनमध्ये तीन मुलांना ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिला. करार रजिस्टर आहे, पोलिसांकडे भाडेकरूंची ऑनलाइन माहितीही भरलीय.

दिवाळीनंतर शेजारच्या काकूंचे फोन सुरू झाले. रात्री एक-दीडला अनोळखी पोरं येतात, पाच मिनिटांत जातात. जिन्यात उग्र वास. परवा गळती बघायला प्लंबरला घेऊन गेले, तर ओट्यावर छोटा वजनकाटा आणि चेन असलेल्या चिमुकल्या रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा. माझे हातपायच गार पडले. मी काही बोलले नाही, कशाला हातही लावला नाही.

एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २५ नुसार, माहीत असून जागा वापरू दिली तर मालकही आरोपी होतो. आई ७१ वर्षांची आहे हो. सोसायटी म्हणते कुलूप बदला, वीज तोडा. ते बेकायदा आहे आणि मी करणार नाही.

१९३३ या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनवर कळवायचं की थेट चौकीत लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची? करारात एक महिन्याच्या नोटिशीचं कलम आहे. नोटीस आधी द्यावी की तक्रार? आणि मुदत संपल्यावरही हलले नाहीत, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे प्रत्यक्षात किती महिने लागतात? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.