रात्री आडवं झाल्यावर वाढणारी कळ

एमआरआयमध्ये एल४-एल५ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकलेली दिसली म्हणजे पायातल्या कळेचं कारण सापडलं, असं म्हटलं जातं; ते अर्धंच पटतं. काहीही दुखत नसलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही फुगलेल्या गाद्या दिसतात. दुखणं कधी वाढतं ते आधी बघा. गादीचं दुखणं बहुधा आडवं पडल्यावर उतरतं. श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणाची साधी, कर्करोगाची नसलेली गाठ असेल तर बरेचदा उलट होतं: रात्री पडल्यावर कळ येते आणि उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं.

अशी गाठ शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कमरेच्या एमआरआयमध्ये आडवे छेद पुष्कळदा खालच्या गाद्यांपुरतेच घेतात. मज्जारज्जू संपतो एल१-एल२च्या आसपास. गाठ तिथे किंवा त्याहून वर असली तर निसटू शकते. त्यामुळे असं रात्रीचं दुखणं असेल तर तपासणी डी१०पासून (पाठीच्या दहाव्या मणक्यापासून) खाली हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर (आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघून) श्वानोमा उजळून दिसतो. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं तर मात्र त्याच दिवशी इमर्जन्सीत जा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.