मदत हवी आहे: पॅनल वायरिंगच्या कामाला एआर चष्मे घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, पण निर्णय मोठा आहे आणि विचारायला दुसरं कोणी नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

भोसरी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका युनिटमध्ये मी प्रॉडक्शन बघतो. पंपांचे स्टार्टर पॅनल, एमसीसी (अनेक मोटरी एका जागेवरून चालवायचं पॅनल), पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) पॅनल, सगळं ऑर्डरप्रमाणे, एकासारखं दुसरं क्वचितच. शॉपवर चाळीसेक माणसं, त्यात मुरलेले वायरमन सहाच, बाकी आयटीआय करून आलेली पोरं, ती वर्ष-दीड वर्ष टिकतात आणि चाकणला दोन-तीन हजार जास्त मिळाले की जातात, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तर मालक मागच्या महिन्यात एका प्रदर्शनाला गेले होते, तिथे त्यांनी एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीचा, चष्मा लावून बघितला, खऱ्या वस्तूवरच चित्र दाखवणारा. समोर वायरिंग न झालेलं पॅनल, आणि कुठली वायर कुठल्या टर्मिनलला (वायर जोडायच्या जागेला) जाते ते चष्म्यातून थेट पॅनलवरच हिरव्या रेषेने दिसतं, एक झाली की पुढची. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच, नवीन पोरगा पहिल्या दिवसापासून वायरिंग करेल. सहा चष्मे घ्यायचे म्हणतायत, आणि पंधरा दिवसांत फायदे-तोटे लिहून दे असं मला सांगितलंय.

मी वाचायला बसलो तर पहिलंच आश्चर्य म्हणजे हे तंत्र मुळात वायरिंगसाठीच सुचलेलं आहे. बोईंगमध्ये १९९० च्या सुमाराला टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या दोघांनी, विमानाचे वायर हार्नेस (वायरींचे बांधलेले जुडगे) प्लायवूडच्या मोठमोठ्या फळ्यांवर बांधायचे आणि प्रत्येक हार्नेसला फळी वेगळी, तर त्यापेक्षा डोक्यावरच्या काचेतूनच वायरीचा रस्ता दाखवू असा विचार केला, आणि ऑगमेंटेड रिॲलिटी हा शब्दही तिथलाच. १९९२ मध्ये त्यांचा पेपर आला. पुढे बोईंगनेच हार्नेसच्या कामाला गूगल ग्लास (डोळ्यापुढे छोटा स्क्रीन असलेला गूगलचा चष्मा) वापरून वेळ २५ टक्के वाचल्याचं सांगितलं. अमेरिकेत मिनेसोटातल्या जॅक्सनला ॲग्को कंपनीच्या ट्रॅक्टर कारखान्यात ग्लासमुळे इन्स्पेक्शनचा वेळ ३० टक्के कमी झाला. एअरबसचं तर भारीच, ए३८० च्या सांगाड्यात ६० ते ८० हजार ब्रॅकेट असतात, ते तपासायला तीन आठवडे लागायचे, टॅबलेटवर खरं विमान आणि त्याचं थ्रीडी मॉडेल एकावर एक दिसायला लागल्यावर तीन दिवसांत व्हायला लागलं. मालकांनी हेच आकडे ऐकलेत आणि ते खोटे नाहीत.

पण दुसरी बाजू बघा. गूगलने ग्लासची विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या आपल्या एआर चष्म्याचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. ३५०० डॉलरला मिळायचं ते यंत्र, आज घेतलं आणि उद्या बॅटरी गेली तर कोणाच्या दारात जायचं? वजन ५६६ ग्रॅम, बॅटरी दोन-तीन तास, आमची शिफ्ट आठ तासांची.

एका विक्रेत्याने दोन दिवस डेमोला एक चष्मा आणून दिला होता, त्यात जे दिसलं ते सांगतो. अडीच स्क्वेअरच्या (अडीच चौरस मिमी जाडीच्या) वायरीचा टर्मिनल जेमतेम ५ मिमी रुंद असतो. पोरगा वाकला किंवा पॅनलचं दार हललं की हिरवी रेष सेंटिमीटरभर सरकायची, म्हणजे सरळ दोन टर्मिनल पलीकडे! डेमोत मोठा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) दाखवतात तेव्हा हे कळत नाही. शिवाय या चष्म्यातलं चित्र दोन मीटरवर असल्यासारखं डोळ्याला पडतं आणि आपले हात असतात दीड फुटावर, त्यामुळे नजर सारखी पुढे-मागे होते. चष्मा लावलेल्या दोघांचं डोकं दुपारपर्यंत दुखायला लागलं, एकाला तर नंबरचा चष्मा होता.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. मी वर्षभराचं रिवर्क रजिस्टर, म्हणजे चुकून परत कराव्या लागलेल्या कामांची वही, काढून बसलो. मला वाटत होतं पोरं फेरूल नंबर (वायरीच्या टोकावरचा ओळखनंबर) चुकवतात. तसं नाही निघालं. अर्ध्याहून जास्त रिवर्क जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगमुळे. क्लायंट रात्री मेलवर बदल पाठवतो, डिझाइनवाला कॉम्प्युटरवर करतो, आणि शॉपवर लाल पेनने मार्क केलेली आठवड्यापूर्वीची प्रिंट तशीच लटकत असते. वायरमन बरोबर वायरिंग करतो, चुकीच्या कागदाप्रमाणे. आता हाच कागद चष्म्यात टाकला तर काय होणार? उलट आज आमचे एक जुने वायरमन काका थांबून विचारतात तरी, की या रिलेला २४ व्होल्ट कुठून येतोय, हे पटत नाही. चष्म्यातल्या हिरव्या रेषेला नवीन पोरगा असं विचारेल का?

हे काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने वायरमन, २६ वर्षं झाली, डिसेंबरात रिटायर होतायत. पॉवरच्या आणि कंट्रोलच्या वायरी एका डक्टमधून घ्यायच्या नाहीत हे पुस्तकात मिळेल, पण दाराच्या बिजागरीपाशी वायरीला किती झोल ठेवला की दहा वर्षं दार उघडझाप करूनही आतली तार तुटत नाही, हे त्यांच्या हाताला माहितीये, ड्रॉइंगवर नाही. ही विद्या जाऊ नये असं मला मनापासून वाटतं आणि एआरने ती राहणार असेल तर मी स्वतः मालकांच्या मागे लागेन.

तर जाणकारांनी सांगावं, जॉब ऑर्डरच्या कामाला कोणी एआर वापरलंय का, एका पॅनलच्या स्टेप तयार करायला किती वेळ जातो, आणि चष्म्याला कॅमेरा असतो तर क्लायंटच्या ड्रॉइंगच्या गुप्ततेचं काय करता. आगाऊ धन्यवाद.

सातपूरकर (प्रतिसाद)

आमच्याकडे चष्मा नाही, वर प्रोजेक्टर लावलाय, तो बेंचवरच उजेडाने दाखवतो की हा बोल्ट आधी, मग हा, आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) त्याला जोडलाय, टॉर्क बसला नाही तर पुढची स्टेप येतच नाही. डोक्यावर काही नाही म्हणून माणसं खूश. पण आमचा जॉब वर्षानुवर्षं तोच. चाळीस स्टेपचं एक असेंब्ली तयार करायला तीन आठवडे गेले होते आणि डिझाइन बदललं की परत बसायचं. तुमच्यासारखं रोज वेगळं पॅनल असेल तर वायरिंग होऊन जाईल तरी स्टेप तयार नसतील. रजिस्टर काढून बसलात हे फार चांगलं केलंत, मालकांना आधी तेच दाखवा.

हार्नेसवाली

मी चिंचवडला हार्नेस लाइनवर क्वालिटीला होते. एक मुद्दा सगळे विसरतात. आमच्या लाइनवर निम्म्याहून जास्त मुली होत्या, आणि समोरच्याच्या डोळ्यावर दिवसभर चालू कॅमेरा असणार हे कळल्यावर त्या फार अस्वस्थ झाल्या, रेकॉर्डिंग कोण बघणार हे कोणी सांगतच नव्हतं. शेवटी लेखी ठरलं की रेकॉर्डिंग साठवायचं नाही आणि कोणाचा स्पीड मोजायला वापरायचं नाही, तेव्हा कुठे कामाला लागल्या. आणि एकच हेडसेट तीन शिफ्टला फिरवू नका हो, घाम, केस, तेल, सगळं लागतं, निदान कपाळाची पट्टी ज्याची त्याला वेगळी द्या. माणसांना आधी विचारा, खरेदी नंतर.

श्टुटगार्टहून

मी इथे ऑटोमेशनमध्ये आहे. पॅनल वायरिंगला इकडेही बरेच जण चष्म्याऐवजी टॅबलेट वापरतात. ईप्लॅन या इलेक्ट्रिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं स्मार्ट वायरिंग म्हणून आहे, ते एकेक कनेक्शन दाखवतं, झालेलं टिक करता येतं, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे रिव्हिजन बदलली की आधीच्यात आणि आत्ताच्यात काय फरक ते वेगळं दाखवतं. मात्र वायरींचा रस्ता थ्रीडीत हवा असेल तर मूळ डिझाइनही थ्रीडीत लागतं. तुमच्याकडे नुसत्या ऑटोकॅडच्या सपाट रेषा असतील तर खरा खर्च तिथे आहे.

चष्मा कुठे कामाला येतो सांगतो. साइटवर. रिअलवेअरसारखं हेल्मेटला अडकवायचं यंत्र येतं, एका डोळ्यापुढे छोटा स्क्रीन आणि बोलून चालवायचं, हात मोकळे. पोरगा साइटवर पॅनल उघडून उभा आणि अनुभवी माणूस ऑफिसात बसून त्याच्याच नजरेने बघतोय. तुमचे काका रिटायर झाल्यावर घरूनही हे करू शकतील, त्यांना मानधन द्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. हार्नेसवाली ताई, कॅमेऱ्याचा तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, आमच्याकडेही टेस्टिंगला चार मुली आहेत, उद्याच त्यांच्याशी बोलतो.

काल मालकांसमोर रजिस्टर ठेवलं. बराच वेळ पानं उलटत होते. सहा चष्म्यांचं सध्या थांबलंय. आधी दोन टॅबलेट, शॉपवरच्या सगळ्या प्रिंट बंद, ड्रॉइंग एकाच जागेवरून उघडायचं असं ठरलं. साइटसाठी हेल्मेटचं एक यंत्र महिनाभर भाड्याने मिळतं का ते बघतोय, कोणाला पुण्यात मिळालं असेल तर सांगा.

काकांना घरून बघाल का विचारलं. म्हणाले, बघेन की, पण आधी पोरगा माझ्या शेजारी सहा महिने बसू दे, नाहीतर मी काय म्हणतोय ते त्याला स्क्रीनवर कसं कळणार. तर सोमवारपासून दोन पोरं त्यांच्याकडे दिलीत. त्यांचे हात काम करताना रेकॉर्डही करायचेत, ते बोलत बोलत करतील म्हणालेत. एकदा मोबाइल स्टँडवर लावून बघितलं तर त्यांचंच डोकं आणि खांदा मधे येतो, पॅनलच्या आतलं काहीच दिसत नाही. छातीला कॅमेरा बांधून की टोपीला लावून, नीट दिसेल असं कोणी केलंय का?