मदत हवी आहे : मंगळावरील वाळूचा प्रयोग खानापुरात कसा करावा?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असून, कमी गुरुत्वाच्या ठिकाणी वारा वाळूचे कण कसे हलवतो, यावर प्रकल्प करीत आहे. लाकडी पेटीला पंखा बसवून केलेल्या वातबोगद्यात मलप्रभेकाठची चाळलेली वाळू वापरून पाहिली. परंतु पृथ्वीवर बसून गुरुत्व कमी करता येत नाही, हीच खरी अडचण आहे. मंगळाचे गुरुत्व आपल्या सुमारे ३८ टक्के असल्यामुळे नासाच्या एम्स केंद्रातील प्रयोगांत वाळूऐवजी अक्रोडाच्या टरफलांची हलकी पूड वापरली गेली. मी करवंटीची पूड घेतली (आईचा खलबत्ता त्यात कामी आला).

यामुळे कणांचे वजन काहीसे जुळते. मात्र मंगळावरील हवेची घनता आपल्या हवेच्या दोन टक्क्यांहूनही कमी असल्याने कण व हवा यांच्या घनतेचे गुणोत्तर जुळत नाही. मग उडी मारून आदळणारा कण इतर कणांना उडवतो, तो परिणाम माझ्या पेटीत कितपत ग्राह्य धरावा? शिवाय आमच्या दमट पावसाळ्यात बारीक पूड चिकटते, आणि हा चिकटपणा गुरुत्वाबरोबर घटत नाही. पूड किती बारीक चाळावी आणि कशी वाळवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.