मदत हवी आहे: गिटारची ‘ॲक्शन’ म्हणजे नेमकं काय धरायचं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलीच्या अकूस्टिक गिटारवर एफ कॉर्ड धरताना तिची बोटं अक्षरशः दुखून येतात. दुकानदार म्हणाले, ‘ॲक्शन हाय आहे, रॉड फिरवून देतो.’ इथंच माझं अडलंय.

ॲक्शन म्हणजे तार आणि फ्रेट (मानेवरची धातूची बारीक आडवी सळी) यांच्यातलं अंतर, ते १२व्या फ्रेटवर मोजतात, एवढं मला कळलंय. पट्टी लावली तर जाड तारेखाली सव्वातीन मिलिमीटर भरतं. साधारण अडीच असावं. पण ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा दांडा) तर मानेचा बाक सुधारायला असतो ना? तारा खाली आणायच्या तर ब्रिजवरची सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी) खालून घासतात, आणि १ मिमी घासली की १२व्या फ्रेटवर अर्धाच मिमी फरक पडतो. मग गिटारवाले मानेच्या बाकालाही ‘ॲक्शन’च म्हणतात का?

शिवाय आपला पावसाळा. दमट हवेनं लाकूड फुगलंय, ब्रिजमागची फळी किंचित वर आलेली दिसते. सॅडल आत्ताच घासून घ्यावी की दिवाळीपर्यंत थांबावं? घासलेली सॅडल परत वाढत नाही, म्हणून मन धजत नाही.

आणखी एक. मिरजेचे कारागीर सतारीची जवारी काढतात, म्हणजे आवाज खुलावा म्हणून तिचा ब्रिज घासतात; त्यात त्यांचा हात बसलेला असतो. त्यांच्यापैकी कुणी गिटारची सॅडल करून देतं का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.