पेनांसाठी कापडी पाऊच: माप, चेन, अस्तर काय बघावं?

परभणीकर
अकरावीतल्या मुलीसाठी तीन पाऊच घ्यायलोय. एक पेनांचा, एक चार्जर-इअरफोनचा, एक गोळ्या-रबरबँड अशा किरकोळ सामानाचा. तिला पांडा नाहीतर मांजरीची प्रिंट पाहिजे. ऑनलाइन फोटोत सगळेच गोड दिसायलेत. नेमकं काय तपासावं? का कापड आणून टेलरकडून शिवून घ्यावेत?

सुईदोरा, नांदेड
दादा, आधी माप. नवी पेन्सिल साधारण साडेसतरा सेंमी, १५ची पट्टी प्रत्यक्षात १६च्या आसपास. आतून २० सेंमी, म्हणजे ८ इंच तरी हवेत. जाहिरातीत बाहेरचं माप असतं, शिलाईचा सेंटीमीटरभर त्यातून वजा करा.

पेनांसाठी बॉक्स तळाचा (खाली पसरट, उभा राहणारा) घेऊ नका. वर ९ इंच लांब आणि तळ २ इंच रुंद असला, की कोपरे मुडपल्यामुळं तळाला ७च इंच उरतात. पेन्सिल तिरपी बसते आणि टोक कोपऱ्यात रुतून अस्तराला भोक पाडतं. पेनांना सपाट पाऊच, चार्जरला बॉक्स.

चेन ५ नंबरची बघा. ३ नंबरची नाजूक असते, गच्च भरलेल्या पाऊचला टिकत नाही. अन् चेनच्या कडेनं वरून दुसरी टीप मारलीय का, हे फोटो मोठा करून बघाच. ती नसली की अस्तर सैल राहतं, रनरमध्ये अडकतं. मग मुलं ओढतात, रनर फाकतो आणि चेन मागून उघडी पडते. फाकलेला रनर पकडीनं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर बऱ्याचदा परत धरतो.

लातूरची ताई
आतल्या बाजूचा फोटो मागा. कापडाच्या कडा पट्टीनं बांधलेल्या किंवा इंटरलॉक केलेल्या हव्यात. नुसत्या कापलेल्या असल्या की धुतल्यावर धागे सुटतात, टीप उसवते. पेनांच्या पाऊचला गडद नायलॉनचं अस्तर बरं, जेलपेन गळलं तरी शाई बाहेरच्या प्रिंटवर सहजासहजी येत नाही. पारदर्शक प्लास्टिकचे मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिकट होतात, पुढं पिवळे पडतात.

परभणीकर
ताई, खणाचा किंवा हिमरूचा (आपल्याकडच्या नक्षीदार विणीच्या कापडाचा) चालेल का? आणि शिवायचं तर कापड किती लागेल?

लातूरची ताई
चालेल की, पण दोन्हीला अस्तर लागतंच. खणाच्या कापलेल्या कडेचे धागे भराभर सुटतात. कापण्याआधी मागून फ्यूजिंग (चिकट थराचं पातळ कापड) इस्त्रीनं चिकटवा आणि शिलाईसाठी कडेला अर्धा इंच दाब सोडा. हिमरू उलटा करून बघा: मागं मोकळे धागे लोंबतात, कंपासचं टोक त्यातच अडकणार.

सुईदोरा, नांदेड
एका पाऊचला साडेनऊ बाय ६ इंचाचे दोन तुकडे, अस्तराचे तेवढेच. ४४ इंच पन्ह्याच्या २५ सेंमी कापडात असे सात तुकडे बसतात, म्हणजे तिन्ही पाऊच निघतात. पण त्यात तुकडे उभे कापावे लागतात आणि पांडे आडवे झोपतात! चित्रं सरळ पाहिजेत तर ३५ सेंमी घ्या. सुती कापड आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून चेनजवळ चुण्या पडतात. गडद रंग असला तर ओला पांढरा फडका घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वह्यांजवळ नको.