कोयता म्हणजे दोन माणसं

"बालविवाह अडाणीपणामुळे होतात" असं पुष्कळदा म्हटलं जातं, पण हे मत मला फार अपुरं वाटतं. आमच्या बीडकडं ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ती जोडीवर. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, उचलही निम्मी. म्हणून तोडीला टोळ्या निघायच्या आत लग्नं उरकतात. शिवाय वयात आलेली पोर तोडीच्या सहा महिन्यांत गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापाचा घोर खराच असतो. त्याला अडाणीपणा कसं म्हणायचं?

आणि जोडीतल्या बाईचं काय? पहाटे उठून भाकरी, मग उसाच्या फडात मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायच्या. उचल मात्र नवऱ्याच्या हातात. पाळीत दुखतंय म्हणून कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, पडून राहिली तर खाडा, म्हणजे पैसे कापले. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारनं चौकशी समिती नेमली. त्या शस्त्रक्रियांमागं हा खाडाही होता.

आईबाप तोडीवर असताना पोरांना गावात राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं हवीतच, मुलींसाठी आधी. पण उचल आणि मजुरी बाईच्या नावानं वेगळी लिहिली जावी, ही मागणी मला त्याहून निकडीची वाटते.